राहिलेल्यांची मोजणी



स्मृतिव्याख्यान म्हटलं की ज्यांच्या नावाने ते होतं त्यांच्याविषयी दोन शब्द बोलून मग विषयाकडे वळायची पद्धत आहे. अध्यक्षांनी त्यांच्याविषयी इतकं मनापासून सांगितलं आहे की त्यात मी भर घालणं बरं नव्हे. त्यांची हयात सार्वजनिक आरोग्याच्या कामात गेली. तेव्हा मी थेट विषयालाच हात घालतो.

देशावर साथ येते. लस तयार होते, पण सुरुवातीला ती तुटपुंजी असते आणि माणसं कोट्यवधी असतात. आधी कोणाला द्यायची? आणि ज्याला आधी द्यायचं ठरलं, त्याला ते सांगायचं कोणी, कसं, कुठल्या भाषेत? आपल्याकडे पहिला प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे जातो आणि दुसरा प्रसिद्धी विभागाकडे. मला आज एवढंच मांडायचं आहे की हा एकच प्रश्न आहे. ज्याला कळलं नाही, त्याचा नंबर कागदावर पहिला असला तरी प्रत्यक्षात तो शेवटीच राहतो.

आपल्या सगळ्यांच्या अनुभवातलं उदाहरण घेऊ, करोनाचं. १२ जानेवारी २०२१ च्या पहाटे पुण्यातून कोव्हिशील्डचे पहिले ट्रक पूजा करून निघाले आणि १६ जानेवारीला देशभर लसीकरण सुरू झालं. क्रम ठरलेला होता. आधी साधारण एक कोटी आरोग्य कर्मचारी, मग दोन कोटी पोलीस, सफाई कामगार, महसूल आणि नगरपालिकांचे कर्मचारी, मग पन्नाशीपुढचे आणि सहव्याधी असलेले सत्तावीस कोटी. एकूण तीस कोटी. १ मार्चला साठीपुढच्यांसाठी आणि ४५ ते ५९ वयाच्या सहव्याधीग्रस्तांसाठी दार उघडलं, १ एप्रिलला पंचेचाळिशीपुढच्या सगळ्यांसाठी.

हा क्रम योग्य होता का? माझ्या मते होता. पण तो आपोआप योग्य ठरत नाही, त्यामागे विचार लागतो. ब्रिटनने डिसेंबर २०२० मध्ये यादीत वृद्धाश्रमातल्या रहिवाशांना पहिलं ठेवलं आणि वयाच्या उतरत्या क्रमाने खाली आले, कारण त्यांना आधी मृत्यू थांबवायचे होते. इंडोनेशियाने नेमका उलटा क्रम लावला. आरोग्य कर्मचाऱ्यांनंतर १८ ते ५९ वयाची कामकरी माणसं आधी, म्हातारी नंतर. फिरणाऱ्या माणसांमुळे साथ पसरते, त्यांना रोखलं तर घरातले वृद्धही वाचतील, हा त्यांचा हिशोब. शिवाय जी लस हाती होती तिची वृद्धांवरची माहितीही तेव्हा अपुरी होती. दोन्ही देशांनी विचार केला होता आणि दोघांनी तो आपल्या लोकांना सांगितला. आपण क्रम सांगितला. पण क्रमामागचं कारण किती घरांपर्यंत पोचलं? साठीच्या आजोबांना आधी आणि घरात एकटाच कमावणाऱ्या चाळिशीच्या मुलाला नंतर का, हे ज्या घरात कुणी समजावलं नाही, तिथे आजोबा म्हणाले, ‘‘माझं काय राहिलंय आता, पोराला द्या.’’ हे वाक्य मी किती अंगणांत ऐकलं असेल! त्या म्हाताऱ्याला कुणीतरी शेजारी बसून सांगायला हवं होतं की बाबा, तुम्ही आजारी पडलात तर हॉस्पिटलच्या बिलात पोराचं शेत जाईल.

आता त्या यादीतला एक शब्द बघू: सहव्याधी. केंद्राने वीस आजारांची यादी काढली होती आणि ती विचारपूर्वक केलेली होती. सिकल सेल तिच्यात होता, थॅलेसेमिया होता, जास्त आधार लागणारं अपंगत्वही होतं. अट एवढीच की नोंदणीकृत डॉक्टरच्या सहीचं प्रमाणपत्र हवं. मधुमेहाची नोंदही साधी नव्हती: दहा वर्षांपेक्षा जुना किंवा गुंतागुंतीचा मधुमेह, आणि जोडीला उपचार चालू असलेला रक्तदाब. मला सांगा, आपला मधुमेह दहा वर्षांचा आहे हे कोणाला सांगता येतं? ज्याने दहा वर्षांपूर्वी रक्त तपासलं त्याला. मराठवाड्यातल्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या शेतमजूर बाईची साखर कधी तपासलीच नसेल तर तिला आजार असतो, पण सहव्याधी नसते. आणि सिकल सेल? तो आजार नंदुरबारला, मेळघाटात, गडचिरोलीत आहे, जिथे प्रमाणपत्रावर सही करणारा डॉक्टर गाठणं हीच मोठी मजल. आजार असलेल्याला प्राधान्य द्यायचं ठरलं आणि ते मिळालं आजाराचा कागद असलेल्याला.

पहिल्या गटाचंही थोडं तसंच होतं. आरोग्य कर्मचाऱ्यांची नावं त्यांच्या संस्थेने कळवायची होती. मग जो संस्थेच्या हजेरीपटावरच नाही, ठेकेदाराच्या वहीत आहे, त्या सफाईवाल्याचं नाव कळवायचं कोणी? ज्या संस्थांनी आठवण ठेवली, तिथे ते कळवलं गेलं. हक्क हा असा कोणाच्या आठवणीवर सोडून चालतो का?

आणखी एक गट यादीत नव्हताच. ब्राझीलने गावपाड्यांवर राहणाऱ्या मूळ निवासींना पहिल्याच टप्प्यात घेतलं. कॅनडातही दुर्गम वस्त्यांतल्या मूळ निवासींना लवकर लस मिळाली. आपल्या राष्ट्रीय क्रमात आदिवासी असा वेगळा गट नव्हता. दवाखाना लांब, कुपोषण, एका खोलीत सात-आठ माणसं. साथ पोचली तर तिथे काय होईल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

मग १ मे २०२१ आला. दुसरी लाट ऐन भरात होती. त्या दिवशी अठरा वर्षांपुढच्या सगळ्यांना लसीकरण खुलं झालं. खुलं करण्यामागची कळकळ मला समजते. तरुण माणसं ऑक्सिजनअभावी जात होती. पण तेवढी लस नव्हती. महाराष्ट्राला बारा दिवसांच्या आत अठरा ते चव्वेचाळीस गटाचं लसीकरण थांबवावं लागलं आणि तरुणांसाठी घेतलेले कोव्हॅक्सिनचे डोस दुसऱ्या डोसची वाट बघणाऱ्या पंचेचाळिशीपुढच्यांकडे वळवावे लागले.

त्या दिवसांत रांग कशी बदलली ते नीट बघा. अठरा ते चव्वेचाळीससाठी कोविन या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन नोंदणी सक्तीची होती. पोर्टल तेव्हा इंग्रजीत होतं. भारतीय भाषा जूनमध्ये आल्या. स्लॉट उघडायचे आणि मिनिटाच्या आत संपायचे. मोबाइल नंबर टाका, ओटीपी टाका, पिनकोड टाका, कॅपचा भरा. शहरातल्या मुलांनी टेलिग्रामवर स्लॉटची सूचना देणारे गट जोडले, ते त्यांना जमत होतं. ठाणे-पालघर, पुणे जिल्ह्यांत शहरातून गाड्या निघाल्या आणि चाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांवर पोचल्या. गावातली माणसं दारात उभी आणि आतली यादी शहरातल्या नावांनी भरलेली. ठिकठिकाणी भांडणं झाली. मी त्या तरुणांना दोष देत नाही. स्वतःला आणि घरच्यांना वाचवण्यासाठी त्यांनी जे दिसलं ते केलं. पण त्या दिवसांत ज्याच्याकडे माहिती होती तो पुढे गेला. यादी सरकारने बदलली नव्हती, माहितीने बदलली होती.

सर्वोच्च न्यायालयाने ३१ मेच्या आदेशात हेच विचारलं. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, इंटरनेट नाही, त्यांचं काय? अठरा ते चव्वेचाळीससाठीचं धोरण प्रथमदर्शनी मनमानी आणि अतार्किक वाटतं, असं न्यायालयाने म्हटलं. त्याच्या थोडं आधी, २४ मेला, सरकारी केंद्रांवर थेट येऊन नोंदणी करायला परवानगी मिळाली होती. २१ जूनपासून केंद्राने पंचाहत्तर टक्के लस स्वतः घेऊन राज्यांना मोफत द्यायला सुरुवात केली. मुंबई महापालिकेने मे महिन्यातच सोमवार ते बुधवार साठीपुढच्यांसाठी आणि दिव्यांगांसाठी नोंदणीविना दार उघडं ठेवलं होतं. उद्या कुठल्या केंद्रावर लस आहे याची यादी आदल्या संध्याकाळी जाहीर व्हायची. साध्या गोष्टी आहेत या. पण एप्रिलमध्ये चाकाच्या खुर्चीत पहाटेपासून रांगेत बसून ‘लस संपली’ ऐकून परतलेल्या आजींना त्या साध्या वाटल्या नसतील.

आता मला तुम्हाला सातपुड्याच्या पायथ्याच्या एका उपकेंद्रात न्यायचं आहे. जून महिना, निळा व्हॅक्सिन कॅरियर टेबलावर, आत बर्फाचे पॅक आणि कोव्हिशील्डच्या व्हायल. एका व्हायलमध्ये दहा डोस. एकदा उघडली की चार तासांत संपवायची, उरली तर टाकून द्यायची. सकाळपासून सात माणसं आली होती. सिस्टर आणखी तिघांची वाट बघत होत्या. सात जणांतली एक म्हातारी वरच्या पाड्यावरून चालत आलेली, भिंतीला टेकून बसलेली. दोन बायांना निंदणीच्या कामावर जायचं होतं, त्या सारख्या उठत होत्या. आशाताई पुन्हा वस्तीवर गेल्या आणि एकट्याच परत आल्या. दुपारी एकच्या सुमाराला सिस्टरांनी व्हायल उघडली. संध्याकाळी अहवालात वाया गेलेले डोस तीन असं लिहिताना त्या म्हणाल्या, ‘‘आता याचं स्पष्टीकरण मागतील.’’

तेव्हा नियमच असा होता की राज्याला मिळणाऱ्या लसीचा वाटा लोकसंख्येवर, रुग्णसंख्येवर, लसीकरणाच्या वेगावर ठरणार आणि वाया गेलेले डोस जास्त असले की वाटा कमी होणार. केरळच्या परिचारिकांनी व्हायलमधला अतिरिक्त थेंब वापरून मिळालेल्या सुमारे त्र्याहत्तर लाख डोसांतून चौऱ्याहत्तर लाख डोस दिले. त्या कौशल्याला माझा मनापासून नमस्कार आहे. पण दाट वस्तीच्या केंद्रावर दहा माणसं दहा मिनिटांत जमतात आणि पाड्यावर ती दिवसभरात जमत नाहीत. वाया न घालवण्याची एकच फूटपट्टी दोन्हीकडे लावली की पाड्यावरच्या सिस्टरला निरोप मिळतो: कमी माणसं असतील तर उघडूच नकोस. त्या सिस्टरांनी हा निरोप मानला नाही. प्रत्येक सिस्टरकडून हे धाडस मागायचं का? आणि आशाताई एकट्याच का परतल्या? कारण वस्तीवर एक व्हिडिओ फिरत होता, लस घेतली की दोन वर्षांत माणूस जातो असं सांगणारा. त्याचं उत्तर द्यायला त्यांच्याकडे मराठीतलं एक पत्रक होतं. वस्ती पावरी बोलणारी.

हा माझा दुसरा मोठा मुद्दा. माहिती कोणाच्या तोंडून येते यावर ती खरी वाटते की नाही हे ठरतं. आपल्या मुंबईला हे सव्वाशे वर्षांपूर्वी कळलं होतं. १८९६ मध्ये प्लेग आला. वाल्देमार हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना. इथे थोडं थांबायला हवं. कैदी स्वेच्छेने पुढे आले असं नोंदलेलं आहे, पण कैद्याच्या स्वेच्छेला किती वाव असतो? दुबळ्या माणसाला लसीच्या परीक्षेसाठी पुढे आणि लसीच्या वाटपात मागे ठेवायची सवय जगाला फार जुनी आहे. तर, शहर लस घ्यायला तयार नव्हतं. वारं फिरलं ते आगाखानांनी आपल्या खोजा समाजासमोर जाहीरपणे सुई टोचून घेतली तेव्हा. जेमतेम विशीचे होते ते. हाफकिनना प्रयोगशाळेसाठी त्यांनी जागाही दिली. सरकारी फतव्याने जे झालं नाही ते आपल्या माणसाने दंड पुढे केल्यावर झालं.

त्याच हाफकिनच्या आयुष्यातला पुढचा भागही सांगितलाच पाहिजे. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून लस टोचलेले एकोणीस जण धनुर्वाताने दगावले. दोष प्रयोगशाळेवर, म्हणजे हाफकिनवर, ठेवला गेला. बाटली उघडताना गावात चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता, हे नंतर मान्य झालं. हाफकिन निर्दोष ठरले ते १९०७ मध्ये. पाच वर्षं! पाच वर्षं खरं कारण लोकांपुढे स्वच्छ आलं नाही, आणि देशात प्लेगने माणसं मरत होती.

म्हणून वाईट बातमी लवकर आणि स्वच्छ सांगा, असं मी हट्टाने म्हणतो. २०२१ च्या मार्च-एप्रिलमध्ये युरोपात रक्ताच्या गुठळ्यांची चर्चा उघडपणे चालली होती. ब्रिटनने एप्रिलच्या सुरुवातीलाच तिशीच्या आतल्यांना शक्यतो दुसरी लस द्यायचं ठरवलं. लस तीच, जी आपण कोव्हिशील्ड म्हणून घेत होतो. आपल्याकडचे आकडे १७ मेला आले: तपासलेल्या ४९८ गंभीर घटनांपैकी २६ संभाव्य गुठळ्यांच्या, म्हणजे दहा लाख डोसांमागे ०.६१. आकडा दिलासा देणारा होता! मग तो एप्रिलमध्येच गावोगाव, सोप्या मराठीत, लक्षणं कोणती आणि कुठे जायचं यासह का सांगितला गेला नाही? लसीमुळे झाल्याचं दुष्परिणाम तपासणाऱ्या समितीने मान्य केलेला देशातला पहिला मृत्यू मार्चमधला होता. ते कळलं जूनमध्ये. जो दुष्परिणाम सरकार आकड्यासह सांगतं, तो लोक तोलून बघतात. सरकार गप्प बसलं की त्याची जागा व्हिडिओ घेतो.

स्त्रियांच्या बाबतीत तर हे फारच ठळक झालं. २०२१ च्या मध्यापर्यंत देशात पुरुषांपेक्षा स्त्रियांना कमी डोस मिळाले होते. केरळ, आंध्र हे मोजके अपवाद. फोन नवऱ्याच्या हातात, केंद्र लांब, आणि पाळी, गर्भारपण, वांझपण यांविषयी अफवांचा सुळसुळाट. गरोदर बाईला लस द्यायची परवानगी आली २ जुलैला. तोवर आशाताईंनी काय सांगायचं होतं? आणि आशाताईंची स्वतःची स्थिती काय होती? जूनमध्ये राज्यातल्या सुमारे सत्तर हजार आशा मानधनासाठी संपावर गेल्या. माहिती पोचवणारं सगळ्यात विश्वासाचं तोंड आपल्याकडे होतं आणि आपण त्याला पोटापुरतंही देत नव्हतो.

समजूत घालायला माणूस नसला की मग हुकूम येतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये औरंगाबाद जिल्हा प्रशासनाने आदेश काढला: एकही डोस घेतला नसेल तर पेट्रोल नाही, गॅस नाही, रेशन नाही. लसीकरण वाढावं ही त्यांची तळमळ खरी असेल. पण रेशन कोणाचं अडतं? ज्याच्यासाठी आपण प्राधान्यक्रम आखला त्याचंच.

मित्रहो, आपल्याला हे येत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. आपण पोलिओ घालवला आहे. २००९ मध्ये जगातल्या पोलिओच्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे, ७४१, भारतात होते. २०१० मध्ये ४२. १३ जानेवारी २०११ ला हावड्यात एक मुलगी आजारी पडली, तो शेवटचा रुग्ण. हे कसं झालं? त्या मोहिमेतली एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. लस पाजणारी जोडी घरातून बाहेर पडताना दारावर खडूने खूण करायची. सगळ्या मुलांना डोस मिळाला असेल तर ‘पी’. एखादं मूल झोपलंय, मामाकडे गेलंय, आई नको म्हणाली, तर ‘एक्स’. बूथचा दिवस संपला की पुढचे दिवस घरोघरचे, आणि त्यातही ‘एक्स’च्या घरी पुन्हा जायचंच. पश्चिम उत्तर प्रदेशातल्या ज्या मोहल्ल्यांत दारामागून दार ‘एक्स’ निघत होतं, तिथे त्याच मोहल्ल्यातल्या बाया कामाला लावल्या, मौलवींशी बोलणं झालं, अलीगढ आणि जामिया विद्यापीठांची माणसं पुढे आली. वीटभट्ट्या, बांधकामं, भटक्यांचे तांडे यांच्या वेगळ्या याद्या झाल्या. आपल्याकडे ऊसतोडीच्या फडावरच्या कोप्यांपर्यंत ही माणसं पोचली.

कोविनने काय मोजलं? आलेल्यांना. शंभर कोटी डोस २१ ऑक्टोबर २०२१ ला झाले, दोनशे कोटी १७ जुलै २०२२ ला. हे आकडे खरे आहेत आणि अभिमानाचे आहेत. एवढ्या मोठ्या देशाने दीड वर्षात एवढं करणं ही लहान गोष्ट नाही. पण कोविनच्या फलकावर पुरुष किती, स्त्रिया किती, वयोगट कोणता हे दिसायचं. कुठल्या पाड्यावर किती माणसं राहिली हे दिसायचं नाही. आदिवासी किती, दिव्यांग किती, ऊसतोड कामगार किती, हेही नाही. बीडच्या मजुराने पहिला डोस कोल्हापूरच्या फडावर घेतला आणि मोबाइल नंबर मुकादमाचा दिला, तर बारा आठवड्यांनी दुसऱ्या डोसचा निरोप जाणार कुठे? नोव्हेंबरमध्ये घरोघरी जाऊन दार ठोठावायची मोहीम सुरू झाली, तेव्हा देशात चाळीसहून अधिक जिल्ह्यांत पात्र लोकांपैकी निम्म्यांनाही पहिला डोस मिळालेला नव्हता, आणि त्यांत महाराष्ट्रातलेही काही होते. ती मोहीम चांगली होती. ती मार्चमध्ये, अंथरुणाला खिळलेल्यांपासून सुरू व्हायला काय हरकत होती? पंचाहत्तरीपुढच्यांना घरी लस द्या हे सांगायला मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं.

हे सगळं उगाळून काय मिळणार, असं काहींच्या मनात आलं असेल. मला त्यातून तीन मागण्या मिळतात, आणि त्या मी या सभागृहापुढे ठेवतो, कारण इथे जिल्हा परिषदेची माणसं बसली आहेत, डॉक्टर आहेत, आणि आशाताईही आहेत.

पुढच्या वेळी, मग ती साथीची लस असो की नेहमीची, प्राधान्यक्रम आणि त्याचं कारण पहिली व्हायल उघडण्याआधी ग्रामसभेत वाचून दाखवा, त्या गावाच्या बोलीत. कागद नसलेल्याचा आजार आशा आणि सिस्टर यांच्या सांगण्यावर ग्राह्य धरा. दुर्गम पाड्यांसाठी वाया जाणाऱ्या डोसांचा निकष वेगळा ठेवा, आणि एका माणसासाठी व्हायल उघडणाऱ्या सिस्टरकडे स्पष्टीकरण मागू नका.

दुष्परिणामांची माहिती दर पंधरवड्याला, जिल्ह्याच्या पातळीवर, आकडा आणि उपचाराचं ठिकाण यांसह द्या.

आणि प्रत्येक ग्रामपंचायतीबाहेर फळा असतोच. त्यावर किती जणांना लस दिली हे लिहा, पण त्याच्या वर, मोठ्या अक्षरात, राहिलेल्यांचा आकडा लिहा: पाडा कोणता, माणसं किती, का राहिली, आणि आपण त्यांच्याकडे पुन्हा कुठल्या वारी जाणार आहोत. नाव लिहू नका, कोणाची अब्रू चव्हाट्यावर आणायची नाही. वार मात्र लिहा, म्हणजे त्या दिवशी आपण गेलो नाही तर विचारायला येता येईल.